पाच लेझरचा किरण-संच: भिंगांच्या धड्यासाठी घरी केलेल्या कामाच्या नोंदी

6 जुलै, रविवार

दहावीला विज्ञान भाग 1 मध्ये सहावा धडा प्रकाशाचे अपवर्तन आणि सातवा भिंगे व त्यांचे उपयोग. आमच्या शाळेत हे दोन्ही ऑगस्टमध्ये येतात. दरवर्षी फळ्यावर बहिर्वक्र भिंग काढायचं, मुख्य अक्षाला समांतर किरण काढायचे, पलीकडे एका बिंदूत, म्हणजे नाभीत, नेऊन मिळवायचे आणि मुलं ती आकृती पट्टीने वहीत उतरवून घेतात. आकृती बरोबर येते, मार्कही मिळतात, पण किरण खरंच तिथे मिळतात हे एकानेही डोळ्यांनी बघितलेलं नसतं. या वर्षी ते बघायला मिळालंच पाहिजे असं ठरवलंय.

कल्पना साधी आहे. पाच छोटे लेझर एका रांगेत, एकमेकांना समांतर. त्यांचा नुसता ठिपका न दिसता कागदावर पूर्ण रेघ दिसली पाहिजे. मध्ये अ‍ॅक्रिलिकचं जाड कापलेलं भिंग ठेवायचं, मुलांनी ते हाताने सरकवायचं आणि रेघा कुठे वळतात ते पेन्सिलने काढायचं. तयार संच मिळतात पण ते काही हजारांच्या घरात जातात, आणि बिघडले तर तालुक्याला त्याचा एक पार्ट मिळत नाही. म्हणून अट अशी की सगळं सामान तालुक्यात किंवा पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात) मिळालं पाहिजे आणि हजार-बाराशेच्या वर जायचं नाही.

आधी एकच लेझर घेऊन काचपट्ट्यांनी त्याचे पाच किरण करायचं डोक्यात होतं. मायक्रोस्कोपची स्लाइड 45 अंशात धरून बघितलं तर काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होतं, त्यामुळे प्रत्येक किरण जोडीने येतो, आणि पुढच्या पुढच्या काचेवर उजेड कमी होत जातो. तो विचार तिथेच सोडला. दुसरा पर्याय रेघवाल्या लेझरचा, म्हणजे ज्याच्या तोंडावर आधीच रेघ पाडणारं भिंग असतं. ते 12 मिमी जाड येतात आणि नग शंभराच्या पुढे, शिवाय प्रत्येकाची रेघ वेगळी सरळ करत बसावी लागते. म्हणून साधे ठिपक्याचे लेझर आणि त्या सगळ्यांच्या पुढे रेघ पाडायला आडवी एकच काचकांडी, असं पक्कं केलं.

खरेदी: लाल लेझर मॉड्यूल, 650 नॅनोमीटर, 6 मिमीचं पितळी बॅरल, 5 व्होल्ट, 25 रुपये नग. आठ घेतले. पाचच लागतात पण जास्तीचे घ्याच, कारण पुढे कळेल. पाच छोटे स्विच 50 रुपये. वायर, रेझिस्टर, सोल्डर घरात होतं.

9 जुलै

सगळे लेझर एकेक लावून बघितले. एकाचा ठिपका पसरट आला, तो बाजूला काढला. लाल वायर प्लस, निळी मायनस. आत छोट्या पट्टीवर 91 ओहमचा रेझिस्टर आधीच लावलेला असतो, 5 व्होल्टवर साधारण 30 मिलिअँपिअर घेतात.

आता महत्त्वाचं. यांच्यावर 5 मिलीवॅट लिहिलेलं असतं. 1 मिलीवॅटच्या आतला लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत वर्ग 2 मध्ये मोडतो, तिथे पापणी आपोआप मिटते तेवढ्याने डोळा वाचतो. 1 ते 5 म्हणजे वर्ग 3आर, तो थेट डोळ्यात जाता कामा नये. आणि स्वस्त मालावर लिहिलेला आकडा खरा असेलच याची खात्री कुणी देत नाही. त्यामुळे पहिलं काम उजेड कमी करण्याचं. प्रत्येकाला जोडून 100 ओहम लावला तर करंट 15 च्या खाली गेला आणि काही मॉड्यूल नुसते मंद तांबूस पेटले, एलईडीसारखे, लेझर होतच नाहीत. ठरावीक करंटच्या खाली लेझर सुरूच होत नाही आणि हा उंबरठा प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा असतो. 33 ओहम लावल्यावर सगळे नीट चालले आणि उजेडही कमी झाला. प्रत्येक लेझरला स्वतंत्र रेझिस्टर आणि स्वतंत्र स्विच द्या, पाचांना मिळून एकच रेझिस्टर लावला की एक बंद केल्यावर बाकीचे जोरात पेटतात.

हिरवे लेझर मुद्दाम घेतले नाहीत. दिसायला झकास दिसतात पण स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर येतो आणि तो आहे की नाही हे आपल्याला कळत नाही. मुलांसमोर ते नको.

पॉवरसाठी पॉवरबँक लावली. पाचही चालू असताना ठीक, पण एक-दोन लेझरच चालू ठेवले की थोड्या वेळात आपोआप बंद. पॉवरबँकेला वाटतं मोबाइल चार्ज झाला. मला तर एकच किरण दाखवायची सोय हवीच होती. जुना मोबाइल चार्जर जोडला, आणि पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून चार रिचार्जेबल पेन्सिल सेलचा डबाही जोडून ठेवला. 1.2 गुणिले 4 म्हणजे 4.8 व्होल्ट, बरोबर बसतं. साधे सेल चार लावू नका, नवे असताना 6 च्या वर जातात.

13 जुलै, रविवार

प्लायच्या पट्टीत हातातल्या ड्रिलने 15 मिमी अंतरावर पाच भोकं पाडली, लेझर बसवले, समोरच्या भिंतीवर बघतो तर पाच ठिपके वाट्टेल तिथे. दोन वर, एक पार खिडकीजवळ. प्लायच्या थरांमध्ये ड्रिलचा बिट सरकतो हे एक कारण. पण मुख्य कारण वेगळंच निघालं.

लेझर हातात धरून बॅरल बोटांत फिरवलं की भिंतीवरचा ठिपका एका जागी राहत नाही, गोल फिरतो. म्हणजे किरण बॅरलच्या अक्षातून सरळ निघतच नाही, एखाद-दोन अंश तिरका निघतो. ऐकायला एक अंश काहीच नाही, पण 3 मीटरवर एक अंश म्हणजे पाच सेंटिमीटर. मग भोकं कितीही सरळ पाडा, किरण समांतर येणार नाहीत.

सुतारमामांकडे गेलो, त्यांनी सागवानाचा 25 मिमी जाडीचा तुकडा दिला आणि स्टँडवरच्या ड्रिलने 6.5 मिमीची भोकं पाडून दिली, बरोबर मध्यातून. 6 ची न पाडता 6.5 ची, कारण बॅरल आत फिरलं पाहिजे. लाकडाचे आणि कामाचे मिळून 80 रुपये घेतले.

16 जुलै

समांतर करण्यावर दोन-तीन संध्याकाळी गेल्या. पण शेवटी जे सापडलं ते इतकं सोपं आहे की जरा सविस्तर लिहितो, हा संच करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे.

सुरुवातीला प्रत्येक लेझरला तीन-तीन बारीक स्क्रू लावून चारी दिशांना हलवता येईल असं काहीतरी करायच्या मागे लागलो होतो. ते नाजूक होतं, एक आवळला की दुसरा ढिला. मग लक्षात आलं की पुढे आडवी काचकांडी येणार आहे. कांडी उजेड फक्त वर-खाली पसरवते, डावी-उजवीकडे नाही. म्हणजे किरण थोडा वर किंवा खाली गेलेला असला तरी तो कांडीवर पडला की पसरणारच आहे, ती चूक कांडीच गिळून टाकते. आपल्याला फक्त डावं-उजवं बरोबर हवंय. आणि बॅरल फिरवलं की ठिपका गोल फिरतो हे तर माहीतच होतं. मग त्या गोलात अशी जागा येणारच जिथे सगळा तिरकेपणा वर किंवा खाली जातो आणि डावं-उजवं शून्य होतं. स्क्रूची काही गरजच नाही!

कृती अशी. कागदावर 15 मिमी अंतरावर पाच उभ्या रेघा मारायच्या, तो कागद 3 मीटरवर भिंतीला लावायचा. मधला लेझर लावून त्याचा ठिपका मधल्या रेघेवर येईल असा लाकडी तुकडा टेबलावर ठेवायचा आणि चिकटपट्टीने जागेवर पक्का करायचा. मग एकेक लेझर चालू करून बॅरल हळूहळू फिरवायचं, ठिपका आपापल्या रेघेवर आला की थांबायचं. अशा दोन जागा मिळतात, एकीत ठिपका वर असतो, दुसरीत खाली. खालची घ्यायची, म्हणजे उजेड कागदाकडे जास्त जातो. एक लेझर कितीही फिरवला तरी रेघेवर येईना, त्याचं भोक मागच्या बाजूने गोल कानशीने किंचित रुंद केलं, मग आला.

चिकटवण्याचं: आधी झटपट चिकटणारा गोंद लावला. त्याची वाफ बॅरलच्या तोंडातल्या भिंगावर पांढरी बुरशी चढल्यासारखी बसली आणि ठिपक्याभोवती धुकं आलं. भिंग आत असल्याने पुसताही येत नाही. दोन मॉड्यूल त्यात गेले, म्हणून जास्तीचे घ्या म्हणालो. मग ग्लू गन वापरली, रात्री सगळे ठिपके रेघांवर होते आणि सकाळी दोन ठिपके चार-पाच सेंटिमीटर बाजूला. गरम गोंद थंड होताना आकसतो आणि बॅरलला ओढतो. शेवटी एम-सील. मळून मागच्या बाजूने बॅरलभोवती दाबायचं, घट्ट व्हायला वेळ मिळतो, तेवढ्यात पुन्हा एकदा ठिपका बघून किंचित फिरवता येतं. दुसऱ्या दिवशी बघितलं, हलले नव्हते.

20 जुलै, रविवार

काचकांडी आणली. प्रयोगशाळेत ढवळायला वापरतात तीच, 5 मिमी जाड, 20 रुपये. विकत घेताना उजेडासमोर धरून बघा, आत लांबट बुडबुडा असेल तर रेघेत काळा पट्टा येतो.

लेझरच्या तोंडापासून दीड सेंटिमीटरवर, किरणांच्याच उंचीवर आडवी ठेवली आणि पाच ठिपक्यांच्या पाच लाल रेघा टेबलभर पसरल्या. मुलगा शेजारी अभ्यास करत बसला होता, तो उठून आला.

पण रेघा किंचित वाकड्या होत्या, धनुष्यासारख्या. कांडी किरणांना काटकोनात नसेल तर उजेडाचा सपाट पंखा न होता शंकू होतो, आणि शंकू कागदाला छेदतो तिथे वक्र रेघ येते. गुण्या लावून कांडी काटकोनात आणली, रेघा सरळ झाल्या. कांडीच्या दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे, त्यात खाच, वरून रबरबँड. चिकटवलेली नाही, पुसायला काढावी लागते.

कागदाबद्दल. आधी पांढरा चकचकीत व्हाइटबोर्ड टाकून बघितला, रेघ फिकट. एवढ्या सपाट कोनात उजेड आला की गुळगुळीत पृष्ठभाग त्याला आरशासारखा पुढे घालवतो, आपल्या डोळ्याकडे फारसा येतच नाही. साधा ड्रॉइंग पेपर टाकला आणि रेघ एकदम ठळक. एका शीटचे 10 रुपये.

27 जुलै, रविवार

भिंगं. तालुक्याला नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे लेझर कटिंग मशीन आहे. 8 मिमीचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, त्यात हे आकार कापून घेतले: दोन्ही बाजूंनी 80 मिमी त्रिज्येचं बहिर्वक्र, तेवढ्याच त्रिज्येचं अंतर्वक्र, 40 मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ, एक आयत, एक समभुज त्रिकोण. सगळे मिळून 450 रुपये झाले. गणपतीच्या मखरांची कामं त्याच्याकडे सुरू झाली होती, तुकडा उरलेला होता म्हणून एवढ्यात झालं.

अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) 1.49. दोन्ही बाजू 80 मिमी असतील तर नाभीय अंतर 80 भागिले (2 गुणिले 0.49), म्हणजे 82 मिमीच्या जवळपास. टेबलावर मावतं.

भिंग ठेवलं. किरण वळले खरे, पण पलीकडे रेघ न राहता प्रत्येक किरणाचा झाडू झाला. कापलेल्या काठाकडे तिरपं बघितलं तर उभ्या बारीक रेषा दिसतात, नखाला लागतात इतक्या. मशीनच्या लेझरने एकेक थेंब वितळवत नेल्याच्या त्या खुणा. त्या उभ्या असल्यामुळे उजेड आडवा फेकतात, म्हणजे नेमका आपल्याला नको त्या दिशेला. नुसतं कापून आणलेलं भिंग या कामाला चालत नाही हे लक्षात ठेवा.

सोबत आणखी एक घोटाळा झाला. काठावर बोटांचे डाग होते म्हणून स्पिरिटने पुसलं. दहा मिनिटांत अंतर्वक्र भिंगाच्या काठावर केसासारख्या चिरा, आतपर्यंत गेलेल्या. कापताना काठ गरम होऊन थंड होतो त्यात ताण अडकलेला असतो, स्पिरिट लागलं की तो तडकून मोकळा होतो. सॅनिटायझरनेही तेच होतं. अ‍ॅक्रिलिक फक्त साबणाच्या पाण्याने धुवा. ते भिंग पुन्हा कापून घ्यावं लागलं, 90 रुपये.

2 आणि 3 ऑगस्ट

पॉलिश. वॉटर पेपर 400, 800, 1500, 2000 या क्रमाने, पाणी लावत. 400 ने मशीनच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत घासायचं, तिथे घाई केली तर पुढचे सगळे पेपर फुकट जातात. मी पहिल्या भिंगाला 800 वर लवकर गेलो होतो, 2000 नंतरसुद्धा उजेडात त्या रेषा दिसत होत्या, परत 400 पासून.

बहिर्वक्र काठ सोपा, सपाट काचेवर पेपर चिकटवून त्यावर भिंग झुलवत घासायचं. अंतर्वक्राला पेपर कशावर तरी गुंडाळावा लागतो, आणि त्याची त्रिज्या भिंगाच्या त्रिज्येपेक्षा थोडी कमी हवी, म्हणजे कडा खरवडल्या जात नाहीत. घरातला स्टीलचा मोठा गोल डबा साधारण जुळला. शेवटी ब्रासोने सुती कापडावर. एका भिंगाला तास-सव्वातास लागतो. हात दुखतात, पण पॉलिश झालेलं भिंग रेघांमध्ये ठेवलं की फरक असा दिसतो की परत कधी तसं कापून आणलेलं वापरावंसं वाटणार नाही. पाचही किरण धारदार, भिंगाच्या आतसुद्धा त्यांचा रस्ता दिसतो, आत शिरताना एकदा वळलेले आणि बाहेर पडताना दुसऱ्यांदा. फळ्यावरच्या आकृतीत आपण भिंगाच्या मधल्या रेषेवर एकदाच वळवतो, इथे दोनदा वळणं समोर दिसतंय.

वॉटर पेपर 60, ब्रासो घरचा.

5 ऑगस्ट

भुताच्या रेघा! किरण भिंगातून वळून नाभीत मिळतायत, पण भिंगाच्या मागे साधारण दहा सेंटिमीटरनंतर त्या वळलेल्या किरणांबरोबर पाच सरळ, न वळलेल्या रेघाही दिसायला लागतात, जणू भिंग नाहीच. मुलांनी हे बघितलं तर पहिला प्रश्न हाच की अर्धा प्रकाश वळतो आणि अर्धा नाही का.

कारण उंचीत आहे. भोकं लाकडाच्या मध्यावर म्हणजे टेबलापासून साडेबारा मिमीवर, भिंग 8 मिमी जाड. कांडीपासून निघालेला जो उजेड अगदी हळूहळू खाली येतो तो भिंगाच्या डोक्यावरून जातो आणि पुढे लांब कागदावर पडतो. किरणाची उंची भिंगाच्या जाडीपेक्षा कमी असेल तर हे होऊच शकत नाही, कारण मग खाली येणारा प्रत्येक किरण भिंगात शिरल्याशिवाय कागदाला पोचत नाही.

लाकूड खालून रंधायला काढलं होतं, मग सुचलं की कागदच वर उचलता येईल. 6 मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचा) तुकडा ड्रॉइंग पेपरखाली टाकला, किरणांची उंची साडेसहा झाली, भुताच्या रेघा गेल्या. एमडीएफ 70 रुपये. नव्याने करणाऱ्यांनी 10 मिमीचं अ‍ॅक्रिलिक घेतलं तर आणखी बरं, पण मोजमापात ही एक अट पहिल्यांदा लिहून ठेवा, बाकी सगळं नंतर.

8 ऑगस्ट

डोळ्यांच्या सुरक्षेचं काम पूर्ण केलं. टेबलावर ठेवलेला संच आणि बाकावर बसलेलं मूल, दोघांची उंची जवळजवळ एकच होते, म्हणजे टेबलावरून पुढे जाणारा किरण बरोबर डोळ्याच्या पातळीत. कांडीने पसरल्यामुळे जोर कमी होतो तरी तो तसा सोडायचा नाही. दोन गोष्टी केल्या. कांडीवर काळ्या कार्डशीटचा छज्जा, किरणांच्या एक मिमी वर आणि पुढे पाच सेंटिमीटर आलेला, त्याने वर जाणारा बहुतेक उजेड अडतो. आणि बोर्डाच्या तिन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर उंच काळी भिंत, फक्त लेझरची बाजू मोकळी. लेझरच्या बाजूने कुणी वाकून बघायचं नाही, कांडी काढलेली असताना स्विच लावायचा नाही, हे दोन नियम बोर्डावरच लिहिलेत. प्लगही माझ्याच हातात.

12 ऑगस्ट

वर्गात पहिल्यांदा. बाहेर पाऊस, खिडक्यांना सतरंज्या लावल्या, अंधार छान झाला.

पाचही किरण लावले आणि बहिर्वक्र भिंग ठेवलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ वाकून बघत होती, मग म्हणाली, "सर, बाहेरचे दोन आधीच मिळतायत. पुस्तकात तर सगळे एकाच ठिकाणी मिळतात."

बरोबर होतं तिचं. मोजलं तर भिंगाच्या मध्यापासून आतले दोन किरण साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास मिळत होते आणि बाहेरचे दोन सातच्या. दीड सेंटिमीटरचा फरक, कुणालाही दिसेल असा. हा संचातला दोष नाही, गोल पृष्ठभागाचा स्वभावच तो आहे, काठाजवळचे किरण जास्त वळतात. पुस्तकातला नियम मुख्य अक्षाच्या जवळच्या किरणांसाठी असतो. तिला तसंच सांगितलं आणि म्हटलं स्वतः करून बघ. तिने भिंगाच्या दोन्ही काठांपुढे खडूचे तुकडे उभे करून बाहेरचे किरण अडवले, उरलेले तीन एका बिंदूत. कॅमेऱ्यात छिद्र लहान केलं की चित्र जास्त स्पष्ट का येतं इथपर्यंत तास गेला, धडा त्या दिवशी पुढे सरकला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून क्रम असा ठेवलाय: आधी फक्त मधला किरण, तो प्रकाशीय मध्यातून सरळ जातो ते बघायचं. मग आतले दोन. नाभी मिळाली, पेन्सिलने खूण केली, अंतर मोजलं. बाहेरचे दोन सगळ्यात शेवटी. वेगळे स्विच लावले नसते तर हे जमलं नसतं.

अडचण एकच, बोर्ड टेबलावर आडवा असल्याने दोन बाकांच्या मागे कुणाला काही दिसत नाही. सहा-सहा जणांचे गट करून बोलावले. बोर्ड भिंतीवर उभा लावता येईल, पण मग पसरलेला उजेड थेट वर्गाकडे तोंड करून राहतो, छज्ज्यावर तेवढा भरवसा मी ठेवणार नाही. गटच बरे.

14 ऑगस्ट

अंतर्वक्र भिंग. किरण पसरतात ते लगेच दिसतं, पण नाभी कुठे हे दिसत नाही कारण तिथे किरण जातच नाहीत. मुलांनी पसरलेल्या प्रत्येक किरणावर पेन्सिलने दोन-दोन ठिपके काढले, लेझर बंद, भिंग उचललं, पट्टीने रेघा मागे वाढवल्या आणि त्या भिंगाच्या अलीकडच्या बाजूला एकत्र आल्या. आभासी म्हणजे काय हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होतो. दोन्ही भिंगं एकमेकांना चिकटवून ठेवली तर किरण जवळजवळ समांतर बाहेर पडतात, हे एका गटाने आपल्या आपण केलं.

अर्धवर्तुळ फिरवत नेलं की साधारण 42 अंशांवर बाहेर पडणारा किरण सपाट बाजूला चिकटून नाहीसा होतो आणि सगळा प्रकाश आत परत फिरतो. पूर्ण आंतरिक परावर्तन. किरण सपाट बाजूच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, नाहीतर गोल बाजूवरच वळतो आणि कोन चुकतो. मध्याची खूण अ‍ॅक्रिलिकवर कोरून ठेवा.

22 ऑगस्ट

ग्लिसरीन! हे करायचंच करा.

चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा डबा, सपाट तळाचा, मिठाईचा मिळतो तसा. त्यात बहिर्वक्र भिंग ठेवून डबा किरणांमध्ये ठेवला, किरण नेहमीसारखे मिळाले. मग भिंग बुडेल इतकं पाणी ओतलं. मिळण्याची जागा एकदम लांब गेली, साडेआठवरून पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. नंतर पाणी काढून केमिस्टकडचं ग्लिसरीन ओतलं आणि किरण सरळ. भिंग आहे, हाताला लागतंय, पण किरणांना ते जणू नाहीच, आणि डोळ्यांनाही त्याच्या कडा नीट दिसेनात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, ग्लिसरीनचा 1.47, अ‍ॅक्रिलिकचा 1.49. वळवतो तो फरक, नुसता आकार नाही, हे वाक्य मुलांनी माझ्या आधी म्हटलं.

दोन गोष्टी सांभाळा. ग्लिसरीन हळू ओता, बुडबुडे आले की निघायला फार वेळ घेतात. आणि डब्याचा तळ जाड असेल तर किरणांची उंची पुन्हा मोजा, माझ्या पहिल्या डब्याचा तळ मध्ये फुगीर होता, किरण आत वेडेवाकडे गेले. ग्लिसरीनला 140 रुपये लागले, गाळून बाटलीत भरून ठेवलंय, पुढच्या वर्षी चालेल.

पाण्याने भरलेली साधी गोल काचेची बरणी पण ठेवून बघा, फुकटचं भिंग आहे. मधल्या किरणांची नाभी बरणीच्या मागे साधारण तिच्या त्रिज्येइतक्या अंतरावर येते.

आतापर्यंतचा खर्च ग्लिसरीन धरून 1170 रुपये, त्यातले 90 दुसऱ्यांदा कापलेल्या भिंगाचे.

10 सप्टेंबर

निकटदृष्टिता (लांबचं नीट न दिसणं) दाखवण्यासाठी 80 त्रिज्येचं अंतर्वक्र भिंग फार जोरदार होतं, ते लावलं की किरण मिळतच नाहीत. हलकं हवं होतं. पाटीवाला मखरांच्या कामात बुडालेला, विसर्जन झाल्यावर काल कापून दिलं, दोन्ही बाजूंनी 250 मिमी त्रिज्या, 80 रुपये. त्रिज्या मोठी असल्याने पॉलिशही पटकन झालं, जवळजवळ सपाट काठ आहे.

डोळ्याचं भिंग म्हणून आपलं बहिर्वक्र, 12 सेंटिमीटरवर दृष्टिपटल म्हणून वाकवलेली कार्डशीटची पट्टी. बाहेरचे दोन लेझर बंद. किरण पट्टीच्या बरेच अलीकडे मिळतात आणि पट्टीवर तीन वेगळे ठिपके पडतात. मग समोर हलकं अंतर्वक्र भिंग ठेवलं आणि ते तिन्ही ठिपके पट्टीवर एक झाले. नेमके जुळवायला चष्म्याचं भिंग दोन-तीन मिमी पुढे-मागे करावं लागतं. वर्गात चष्मा लावणारी सहा मुलं आहेत, त्यांनी आपापला चष्मा काढून किरणांमध्ये धरला. चष्म्याचं भिंग पातळ असल्याने हातात उभं धरावं लागतं आणि खालची कड कागदाला टेकवावी लागते, पण किरण पसरताना स्पष्ट दिसतात. ज्याचा नंबर जास्त त्याचे जास्त पसरतात, हे त्यांनीच एकमेकांचे चष्मे बदलून ताडून बघितलं.